काएरे नगरीची फेज टू

मी आयुष्यभर इमारती उभ्या केल्या, पण त्यातली सगळ्यांत उंच इमारत माझ्या छातीपर्यंत आली. धंदा स्केल मॉडेलचा. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत जी चिमुकली कॉलनी दिसते, हिरवं लॉन, निळा स्विमिंग पूल, नखाएवढ्या गाड्या, ती कुणीतरी हातानं केलेली असते हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. आई सगळ्यांना सांगायची, "तो दुबईला कन्स्ट्रक्शनमध्ये आहे." एकदा मामानं विचारलं, "सिमेंट कुठलं वापरता रे?" मी म्हटलं, "सिमेंट नाही, क्लोरोफॉर्म." त्यानंतर मामा माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागला.

पण खरंच क्लोरोफॉर्म. अ‍ॅक्रिलिकच्या पातळ शीट कटरनं कापायच्या, कडा घासायच्या आणि सिरिंजनं क्लोरोफॉर्मचा थेंब सोडून जोडायच्या. झाडं तांब्याच्या तारेची, पानं रंगवलेल्या स्पंजची, लॉन म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. माणसं जर्मनीहून पाकिटात यायची. पांढरीफटक, बिनचेहऱ्याची. कुणाच्या हातात ब्रीफकेस, कुणाच्या हाती बाबागाडी. त्यांना कपडे आम्ही रंगवायचो. खिडक्यांच्या आत गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब असायचे. बटण दाबलं की विकलेले फ्लॅट लाल लागायचे आणि शिल्लक हिरवे. आमच्या कलेचा कळस तो हाच.

आमचं वर्कशॉप अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात, एका गॅरेजला लागून. मालक अबू खालिद, लेबनॉनचे. धिप्पाड, सदा घाईत, आणि त्यांचं एक वाक्य कायमचं होतं: "हबीबी, रिकामी जागा ठेवायची नाही." मॉडेलमध्ये मोकळी जमीन दिसली की गिऱ्हाईक बिचकतं, इथे उद्या गटार येणार की कारखाना असं त्याच्या मनात येतं, हे त्यांचं शास्त्र. म्हणून जिथे काही नसेल तिथे खजुराची झाडं लावायची आणि छोटी पाटी ठोकायची, 'फेज टू'. मी त्या देशात इतक्या फेज टू केल्या, की त्यातल्या निम्म्या जरी झाल्या असत्या तरी वाळवंट उरलं नसतं. पुढे त्या बऱ्याचशा झाल्याच, ही गोष्ट वेगळी.

एका बिल्डरचा टॉवर समुद्रापासून बराच आत होता, गोदामांच्या मागे. मॉडेल पाहून तो म्हणाला, "समुद्र कुठे आहे?" मी नकाशा दाखवला. आमच्या स्केलप्रमाणे समुद्र टेबलाबाहेर, साधारण पाण्याच्या कूलरपाशी येत होता. तो म्हणाला, "इथे आणा." मी गोदामं उचलली, रेझिन ओतलं आणि दुपारपर्यंत समुद्र आणून दिला. काही वर्षांनी त्याच देशात लोकांनी खरोखरचा समुद्र हवा तिथे हलवला, तेव्हा मी घरी बरीच शेखी मिरवली, की कल्पना मूळची माझी.

दुसरी गोष्ट अल ऐनची. तिथल्या एका गृहस्थांच्या तीनमजली व्हिलाचं मॉडेल केलं आणि त्यात जिनाच करायला विसरलो. छप्पर उचलून आतल्या खोल्या दाखवायचं मॉडेल, म्हणजे चूक अगदी उघडी. मॉडेल मांडीवर घेऊन गाडीतून चाललो होतो तेव्हा ती लक्षात आली आणि तोंडचं पाणी पळालं. गृहस्थांनी छप्पर उचललं, आत निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सगळं छान आहे. पण माझी गाडी पांढरी आहे." पोर्चमधली गाडी मी लाल ठेवली होती. ती बदलून दिली. जिन्याबद्दल आजतागायत कुणी बोललेलं नाही. तेव्हापासून माझी खात्री पटली, की माणसं मॉडेलमध्ये गाड्या आणि झाडं बघतात, घर कुणी बघत नाही. ही खात्री मला पुढे चांगलीच भोवली.

आता जरा घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बायको शैला, मुलगी मुक्ता आणि मी, कुसैसमध्येच एका बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. पुण्याला बाणेरमध्ये आमचा स्वतःचा फ्लॅट तयार होत आला होता. गल्फमधल्या बऱ्याच घरांत असतं तेच आमच्याकडे होतं: चांगली वस्तू आली की ती पुण्याची व्हायची. दिवाणखान्यात फोल्डिंगचे पलंग, पडद्यांच्या जागी चादरी, जेवायला मेलामाइनच्या ताटल्या. आणि कपाटावर छताला टेकलेली खोकी: मिक्सर, इस्त्री, झुंबर, आणि शैलाचा जीव की प्राण असलेला, निळ्या काठाचा काचेचा डिनर सेट. सगळं सीलबंद. "पुण्याला गेल्यावर काढू," हे आमच्या घरातलं सुभाषित होतं. तो सेट घेताना मी दुकानातच दिरहॅम गुणिले बारा असा हिशोब मोठ्यानं केला होता, आणि शैलानं माझ्याकडे असं पाहिलं होतं की बाराचा पाढा मला अजून नकोसा वाटतो.

फ्लॅटचा ताबा मिळाला की शैलानं मुक्ताला घेऊन पुण्याला जायचं, मी इथे ओळखीच्या मराठी मंडळींच्या शेअरिंगमध्ये एक बेडस्पेस, म्हणजे खोलीतली पलंगापुरती जागा, घ्यायची आणि अजून थोडी वर्षं काढायची, अशी योजना होती. योजना सर्वस्वी माझी. बेडस्पेस मी बघूनसुद्धा ठेवली होती, खिडकीजवळची. शैला हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. ती "बघू" म्हणायची. मी त्याचा अर्थ हो असा घेत होतो, कारण तो सोयीचा होता. कुसैसच्या घराची लीज संपत आली होती आणि रिन्यू करायची की सोडायची, हे लवकरच कळवायचं होतं.

मी बाणेरच्या फ्लॅटचं मॉडेल करून टीव्हीवर ठेवलं होतं. ओटा, खिडक्या, बाल्कनीत तुळस, सगळं. स्वयंपाकघरात साडी रंगवलेली एक बाई, बाल्कनीत फ्रॉकमधली एक मुलगी. एकदा मुक्ता बराच वेळ त्यात डोकावून बघत होती.

"बाबा, व्हेअर आर यू?"

"मी ऑफिसला गेलोय."

"व्हिच ऑफिस? देअर्स नो ऑफिस इन द मॉडेल."

मी तिला टीव्ही लावून दिला.

अशातच फाब्रिझी आले. जबल अलीला बंदराच्या कामावर असलेले म्हातारे इटालियन इंजिनिअर. निवृत्त होऊन घरी परतायला निघाले होते. त्याआधी इथल्या इटालियन मंडळींचं एका हॉटेलात प्रदर्शन होतं, आणि त्यातलं एक टेबल फाब्रिझींनी आपल्या गावाच्या मॉडेलसाठी मागून घेतलं होतं. गावाचं नाव चेर्वेतेरी. रोमच्या जवळच. रोमची सत्ता यायच्या आधी त्या भागात इट्रुस्कन नावाचे लोक होते, त्यांच्या बड्या शहरांपैकी हे एक. तेव्हाचं नाव काएरे. मला रोम तेवढं ऐकून माहीत होतं. इट्रुस्कन हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला आणि मान अशी डोलावली की जणू आमच्या आळीतलेच.

फाब्रिझी तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलायचे. "टू हिल्स, मिस्टर कर्णिक. मधे ओढा. एका टेकडीवर सिटी, दुसरीवर टूम्ब्ज. आणि खाली समुद्रावर त्यांचं पोर्ट. सिटीपासून पोर्टपर्यंत स्ट्रेट रोड."

"म्हणजे तुमचं जबल अली," मी म्हटलं.

ते इतके खूश झाले की माझा हात सोडेनात. त्या खुशीत कुठली टेकडी कशाची, हे विचारायचं मी विसरलो आणि सांगायचं ते विसरले. नकाशांची नळी ठेवून ते गेले.

नकाशे इटालियनमध्ये, पण मॉडेलवाल्याला भाषा लागत नाही, रेघा पुरतात, असा माझा गर्व होता. दोन टेकड्यांच्या दोन शीट. एकीवर आखीव रस्ते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाला एक लागून चौकोनी घरं, तंतोतंत रो-हाउस. प्रत्येकाला दार, पायऱ्या, आत दोन-तीन खोल्या, खोल्यांत पलंग. काही तर गोल प्रचंड वास्तू, खाली दगडी कठडा आणि वर गवताची टेकडी. मी ओळखलं, व्हीआयपी व्हिला विथ रूफ गार्डन. लहान गोल दिसले ते मी चक्क राउंडअबाउट धरले. दुसऱ्या शीटवर जवळजवळ काहीच नव्हतं. तुटक रेघा, दोन-चार चौथरे. ही कबरींची टेकडी, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही.

कशी वाटणार? आमच्याकडे माणूस गेला की त्याला घर लागत नाही. राख पाण्यात सोडायची, आंघोळ करायची आणि परत यायचं. स्मशान म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, एक पत्र्याची छपरी आणि कडेला लाकडाची वखार. मेलेल्यांना कुणी टू बेडरूम देतं, हे माझ्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यात माझा धंदा असा, की रस्ता आणि दारं दिसली की हात आपोआप बल्ब लावायला जायचा.

तेव्हा मी जीव ओतला. दगडाचा पिवळसर करडा रंग जमवला, दारात पायऱ्या कोरल्या. एक घर बाजूला मोठ्या स्केलमध्ये केलं, छप्पर उचलून आत बघण्यासारखं, कारण त्याचे फोटोच फाब्रिझींनी दिले होते. भिंतींवर कढया, डाव, सुऱ्या, दोरखंड टांगलेले, पलंगावर उशा, पायाशी सपाता. रस्त्यांवर माणसं सोडली. बायका बाजाराला, पुरुष ब्रीफकेस घेऊन कामाला. गाड्या त्या काळी नव्हत्या एवढं मला कळत होतं, म्हणून ठेवल्या नाहीत, आणि याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली. एका मोठ्या व्हिलापुढे मात्र छोटासा स्विमिंग पूल केला. तो मोह आवरला नाही. घरांत दिवे लावले, लाल आणि हिरवे. उरली रिकामी टेकडी. अबू खालिदनी तिच्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या. मी खजुराची झाडं लावली आणि पाटी ठोकली.

गुरुवारी संध्याकाळी बाजारात जाता जाता शैला आणि मुक्ता वर्कशॉपवर आल्या. मी मोठ्या ऐटीत दिवे लावून दाखवले. शैला वाकून वाकून बघत होती.

"अहो, यांची स्वयंपाकघरं कुठेत?"

"हे काय, भिंतीवर भांडी आहेत की."

"भांडी आहेत हो. पण चूल कुठाय? मोरी कुठाय?"

"त्या काळी बाहेर करत असतील."

"आणि बाहेर उघडणारी एक खिडकी नाही कुणाला. माणसं राहायची कशी?"

"उन्हाचा देश असेल," मी म्हटलं. तिला मॉडेलमधलं काय कळतं, अशा सुरात म्हटलं. जिना नसलेला व्हिला खपवलेला माणूस मी. चुलीचं काय घेऊन बसलो असतो?

फाब्रिझी दोन दिवसांनी आले. अबू खालिदनी स्वतः बटण दाबलं. टेकडी उजळली. फाब्रिझींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मिस्टर कर्णिक, हे लोक कुठे चाललेत?"

"कुणी मार्केटला, सर. कुणी ड्यूटीवर."

"आणि हे रेड, ग्रीन?"

"रेड म्हणजे सोल्ड. ग्रीन अव्हेलेबल."

"नो, माय फ्रेंड," ते हळूच म्हणाले, "ऑल सोल्ड. अडीच हजार वर्षांपासून. हिअर एव्हरीबडी इज डेड."

ते तसेच सावकाश दुसऱ्या टेकडीकडे वळले. खजुराची झाडं पाहिली, खाली वाकून पाटी वाचली, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्यांना खुर्ची द्यावी लागली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"फेज टू! माझ्या वडिलांचा द्राक्षमळा इथे होता. नांगरताना कौलांचे तुकडे वर यायचे, ते मी खिशात भरायचो. दिस इज द सिटी. हीच खरी काएरे."

अबू खालिदनी कपाळाला हात लावला आणि एकदा मेलेल्यांच्या पुलाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "हबीबी," ते म्हणाले, "दुबईत कबरीला स्विमिंग पूल देणारा तू पहिलाच. यल्ला, काढ ते सगळं."

प्रदर्शन तोंडावर आलं होतं, म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, काम काढलं. मदतीला शैला आणि मुक्ता आल्या. फाब्रिझीही कोट खुर्चीवर टाकून आमच्यात बसले, आणि हात चालवता चालवता त्यांनी आपल्या शहराची हकिकत सांगितली. मी आधी हकिकत ऐकायला हवी होती आणि मग मॉडेल करायला हवं होतं, पण माझा क्रम नेहमी उलटाच असतो.

काएरे बंदराच्या जिवावर गबर झालं. ग्रीक कुंभार यायचे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे व्यापारी यायचे. बंदरातल्या देवळात सोन्याचे पातळ पत्रे सापडले, त्यांवर एकच मजकूर दोन भाषांत लिहिलेला, एक यांची आणि एक त्या परदेशी व्यापाऱ्यांची. मी म्हटलं, आमच्याकडे दुकानांच्या पाट्या अरबी आणि इंग्लिशमध्ये असतात, तसंच. तेव्हा रोम त्यांच्यापुढे काल आलेलं पोर. उत्तरेकडच्या टोळ्यांनी रोम जाळलं, तेव्हा रोमच्या पुजारणी आपला पवित्र अग्नी घेऊन आश्रयाला आल्या त्या काएरेत. यांनी त्यांना ठेवून घेतलं. पुढे तेच रोम मोठं झालं, आणि त्यानं काएरेची निम्मी जमीन घेतली. व्यापार सरकला, बंदर मागे पडलं, दलदलीचा ताप आला, माणसं कमी होत गेली. शेवटी उरलेल्यांनी गावच दुसरीकडे हलवलं आणि या जागेला जुनं काएरे म्हणायला लागले. चेर्वेतेरी हे नाव त्यातूनच आलं.

"मग त्यांची खरी घरं कुठे गेली?" शैलानं विचारलं. ती एका पुरुषाची ब्रीफकेस नेलकटरनं छाटत होती.

"माती आणि लाकूड, सिन्योरा. वर कौलं. स्वतःची घरं त्यांनी तशीच बांधली. पक्कं, दगडात कोरलेलं, फक्त नंतर राहायचं ते. जिवंतपणी काम भागवलं. पलंग, खुर्च्या, उशा, सगळं दगडाचं, सगळं तिकडे."

"आणि ती भांडी? ती कधी वापरली?"

"नेव्हर. ती प्लास्टरची आहेत. भिंतीवर चिकटवलेली. अजून नवी कोरी."

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी ब्रश धुवायला उठलो.

रिकाम्या टेकडीवर काय ठेवायचं हा प्रश्न होता. मी अंदाजानं मातीची घरं करतो म्हटलं. फाब्रिझी म्हणाले, नाही, कशी होती ते माहीत नाही, तर खोटं दाखवायचं नाही. मग मोकळी ठेवायची? मला ते जिवावर आलं. इतक्या वर्षांची सवय. फाब्रिझींनी दोन्ही टेकड्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"घरं इथेच राहू देत," ते शेवटी म्हणाले, "माणसं तिकडे न्या. घरांचं माहीत नाही. माणसं तिथे होती, एवढं पक्कं माहीत आहे."

मग आम्ही चौघांनी मिळून कबरींतली माणसं उचलली, विटकरी रंगात रंगवली आणि एकेक करून उघड्या टेकडीवर उभी केली. बाबागाडीवाली बाई मी बाजूला काढली होती, ती मुक्तानं गुपचूप नेऊन मधोमध ठेवली. फाब्रिझींनी ते पाहिलं आणि राहू दिलं.

चहा पिताना त्यांनी शैलाला सांगितलं, की चेर्वेतेरीत त्यांचं घर आहे, दगडी, मोठं, स्वतः डिझाइन केलेलं. बायको आणि दोन मुलगे तिथेच राहिले. ते मात्र या बंदरातून त्या बंदरात. "मुलं मोठी झाली. माझ्याशी फार नम्रपणे वागतात," ते म्हणाले. "मला सर म्हणत नाहीत, एवढंच."

त्यावर हसायचं असतं, पण आमच्यातलं कुणी हसलं नाही. खिडकीजवळची ती बेडस्पेस माझ्या डोळ्यांसमोर आली. इतके दिवस मी तिच्यात फक्त हवा खेळती आहे का हेच बघत होतो.

प्रदर्शनाला आम्ही तिघंही गेलो. एका टेकडीवर दगडी घरं, दारं, पायऱ्या, रस्ते, आणि चिटपाखरू नाही. दुसरीवर घर नाही, भिंत नाही, नुसती माणसं. उभी, चालणारी, एकमेकांकडे तोंड केलेली, मधे ती बाबागाडी. अबू खालिद आले, टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "रिकामी जागा, हबीबी," असं पुटपुटले, पण लगेच हलले नाहीत.

एक बाई मुक्तापाशी थांबल्या आणि त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं, हे काय आहे? मी पुढे होणार तेवढ्यात मुक्ता सांगायला लागलीसुद्धा.

"द गुड हाउसेस आर ओव्हर देअर, बट द पीपल आर हिअर." आणि मग अगदी सहज, माहिती पुरवावी तसं, "लाइक अस."

त्या बाई हसून पुढे गेल्या. मला हसता आलं नाही. लाज वाटली म्हणावं तर तेवढंच नव्हतं. भीती वाटली. आपण मोठ्या हुशारीनं, हप्ते भरून, आपल्या माणसांना चुकीच्या टेकडीवर पाठवायला निघालो होतो, आणि तिथे स्वतःसाठी ऑफिससुद्धा ठेवलं नव्हतं. ज्या माणसाला घर आणि कबर यांतला फरक चुलीवरून ओळखता आला नाही, त्यानं कुटुंबाचा प्लॅन काढला होता.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी म्हटलं, "शैला, लीज रिन्यू करू या का?"

"बघू," ती म्हणाली.

या वेळी अर्थ लावायची माझी हिंमत झाली नाही. सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली.

घरी आल्यावर तिनं चपलाही न काढता स्टूल ओढलं आणि कपाटावरचं खोकं खाली घेतलं. "तुमचा तो कटर द्या जरा," म्हणाली. मी दिला. तिनं टेप फाडली, थर्मोकोल बाजूला केलं आणि निळ्या काठाच्या प्लेट्स एकेक करून नळाखाली धुतल्या. त्या संध्याकाळी आम्ही फोल्डिंगच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्या प्लेट्समध्ये पिठलं-भात खाल्ला. मुक्तानं टीव्हीवरच्या मॉडेलमधल्या त्या दोघींना बाहेर काढलं आणि त्यांच्या शेजारी खिशातून आणलेला एक विटकरी माणूस उभा केला. त्याची ब्रीफकेस छाटलेली होती. पुढच्या आठवड्यात मी शेअरिंगवाल्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी ती खिडकीजवळची जागा दुसऱ्या कुणाला दिली. त्या अनोळखी माणसाबद्दल मला बराच काळ वाईट वाटत राहिलं.

फाब्रिझी मॉडेल घेऊन गेले. बाणेरचा फ्लॅट बरीच वर्षं कुलूपबंद राहिला. नातेवाईक नाकं मुरडायचे, एवढं घर बांधलं आणि कुणी राहत नाही. मी म्हणायचो, फेज टू आहे. मुक्ताचं शिक्षण आटोपलं, माझं निवृत्तीचं वय झालं, आणि मग आम्ही दोघं एकदमच इथे बाणेरला आलो.

तो डिनर सेटही आला. त्यातली आता एक प्लेट आणि दोन वाट्या शिल्लक आहेत, आणि त्याही शैला रोजच्या जेवणाला काढते. परवा दिवाळीच्या फराळाला आलेल्या शेजारीणबाईंनी काठाची निळाई बघून विचारलं, "किती सुंदर! बाकीचा सेट कुठाय?"

"दुबईत फुटला," शैला म्हणाली. "वापरून."